कोडोलीची काळी मोटार आणि बाळाबाईची पिकअप

मी, श्रीमती आक्काताई आकाराम चौगुले, वय सत्तर, धंदा शेती, राहणार कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर, माहेर मंगळवार पेठ, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं, कुणाच्या धाकात न येता आणि सकाळचा चहा घेऊन झाल्यावर लिहिते. मला आजार नाही. चष्मा आहे तो वाचण्यापुरता. लांबचा ट्रक, म्हैस, स्पीडब्रेकर सगळं स्वच्छ दिसतं. हा कागद मी मरायला टेकले म्हणून करत नाही. उद्या पहाटे निघायचं आहे म्हणून करते.

मसुदा माझ्या भावाच्या मुलीनं, ॲडव्होकेट संयोगितानं, करून आणला होता. दीड पानाचा. त्यात सगळं बरोबर होतं, फक्त मी कुठं नव्हते. मी तो बाजूला ठेवला आणि स्वतः लिहायला बसले. ती म्हणाली, "आत्या, मृत्युपत्रात एवढं काय कोण लिहीत नाही."

मी म्हटलं, "मरणार कोण हाय? तू का मी? मग गप बस की."

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. पुढं बदलावंसं वाटलं तर बदलीन, तो हक्क राखून ठेवते.

कलम एक. घर.

कोडोलीतलं राहतं घर, परड्यासह, माझा मुलगा विश्वजित याला. तो पुण्यात नोकरीला आहे. त्यानं घर विकू नये असं मी म्हणत नाही; विकायचंच झालं तर आधी शेजारच्या घरात माझी धाकटी जाऊ बाळाबाई हिला विचारावं. परड्यात दोन घरांच्या मध्ये भिंत होती, ती आता नाही. ती पुन्हा कुणी बांधू नये. बांधली तर ही वाटणी रद्द समजावी. संयोगिता म्हणते अशी अट कोर्टात टिकायची नाही. न टिकू दे. विश्वजितला माझा स्वभाव माहीत आहे.

कलम दोन. शेत, ठेव, दागिने.

ओढ्याकाठचं शेत माझी नात, विश्वजितची मुलगी अनुजा, हिला. बँकेतली ठेव तिच्या शिक्षणाला. पाटल्या आणि बोरमाळ सुनेला. नथ मात्र मी उद्या घालून जाणार आहे, तिचं काय करायचं ते परत आल्यावर बघू.

कलम तीन. हत्यारांची पेटी.

ही पेटी माझे मालक कै. आकाराम यांची. पाने, जॅक, ग्रीसगन आणि कापडात गुंडाळलेले जुने प्लग. ती बाळाबाईला. या पेटीवर बसून ते मला शिकवायचे. सासऱ्यांकडं मोटार होती, पण ती धुळीनं खराब होईल म्हणून ते गुळाच्या बाजाराला एस.टी.नं जायचे. ते गेले की आम्ही नवरा-बायको मोटार ऊस तुटून गेलेल्या मोकळ्या रानात न्यायचो. "क्लच हळू सोड. हळू. अगं, पाखरावरनं हात काढावा तसा!" असं ते सांगायचे आणि मी सोडायची धाडदिशी. मोटार उडी मारायची आणि आम्ही दोघं हसून लोळायचो. मग दुपारभर तिचे टायर चिंध्यांनी पुसायचो. सासऱ्यांना मरेपर्यंत पत्ता लागला नाही.

कलम चार. मोटार.

वर्णन असं: काळ्या रंगाची, विलायती बनावटीची, एकोणीसशे अठ्ठावन्न सालची. पुढं अक्रोडाच्या लाकडाची फळी, तिच्यात घड्याळ. स्टेअरिंग पांढरं. मागं तपकिरी चामड्याचं सीट, चार माणसं मांडी घालून बसतील एवढं. मागच्या खिडक्यांना पडदे. एका संस्थानिकाच्या कारभाऱ्याकडून ती सासऱ्यांनी घेतली.

माझं लग्न झालं तेव्हा वरातीत ही मोटार पुढं होती. तिच्यात सासरे आणि गुळाचे दोन व्यापारी. मी आणि नवरदेव मागं बैलगाडीत. बाळाबाई उचगावची. माझे धाकटे दीर केरबा यांच्याशी तिचं लग्न झालं तेव्हाही तसंच. आम्हा दोघी जावांना ती मोटार पुसायला मिळायची, बसायला नाही. सासरे स्वतः बसायचे तेही सीटवर टॉवेल अंथरून.

ते वारले आणि वाटणी झाली. मोटार आम्हाला आली, विहिरीचं रान केरबा भावजींना. वाटणीच्या बैठकीत बाळाबाई सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणाली, "मोटारीला म्हशीगत दूध येत न्हाय. ऱ्हाऊ दे तुमालाच."

मी म्हटलं, "मग तू म्हशीवर बसून जा की देवाला."

एवढ्यावर भिंत उभी राहिली. भाऊ भाऊ बोलत होते, आम्ही नाही. पुढं दोघेही भाऊ एकाच वर्षात गेले. तेव्हाही आम्ही भिंतीच्या दोन बाजूंना बसून रडलो.

बाळाबाईला मूलबाळ नाही. तिनं म्हशी वाढवल्या, डेअरीला दूध घातलं आणि दुधावर तीन वर्षांपूर्वी नवीकोरी पिकअप घेतली. पांढरी, चार दारांची, मागं उघडा हौदा, आत एसी, पुढं टीव्ही. स्वतः शिकली, स्वतः लायसन काढलं. हौद्यात किटल्या आणि वैरण घालून ती बाजारपेठेतनं निघाली की माणसं बाजूला होत.

तेव्हापासून भिंतीवरून सामना सुरू झाला. नाव न घेता, आभाळाकडं बघून बोलायचं.

"काय लोकांच्या गाडीला सुरू व्हायला मुहूर्त लागतोय बाई!"

"काय लोकांच्या गाडीत बसलं की अंगाला शेणाचा वास येतोय!"

"आमच्या गाडीला मागचंबी दिसतंय."

"आमच्या मोटारीला मागचं बघायची गरजच न्हाय. मागचे आमच्याकडं बघत्यात!"

गल्लीतल्या बायका भांडी घासायची सोडून ऐकायच्या. खरं सांगायचं तर मला सकाळी उठायला त्यामुळं हुरूप यायचा.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचतगटानं आम्हा विधवांनाही मानानं बोलावलं. तिथं वाण लुटताना कुणीतरी विषय काढला आणि बाळाबाई तीळगूळ चघळत म्हणाली, "ती मोटार जोतिबाचा घाट चढून दाखवू दे, मी वर्षभर रोज धुतो तिला. गल्लीसमोर."

मी म्हटलं, "आणि पिकअप आधी पोचली तर मी धुतो पिकअप. शेणासकट."

झालं. बायकांनी टाळ्या पिटल्या. मंगळवारी सकाळी कोडोलीच्या स्टँडवरनं निघायचं, डोंगरावरच्या कमानीला आधी पोचेल ती जिंकली. शर्यत म्हटलं तर पोलीस येतील, म्हणून दोघी देवदर्शनाला चाललोय असं सांगायचं ठरलं. अनुजा सुट्टीला आली होती. ती पंच म्हणून माझ्या शेजारी बसली.

मी त्या सकाळचं काय सांगू! स्टँडवर निम्मं गाव. बाळाबाईनं बटण दाबलं आणि ती गेलीसुद्धा. मी चोक ओढला. मोटार खोकली. पुन्हा ओढला. पुन्हा खोकली. पोरं हसायला लागली. तिसऱ्यांदा तिनं असा हुंकार दिला की माझ्या पायाच्या तळव्यांना गुदगुल्या झाल्या.

"आजी, त्या ओढ्याच्या पलीकडं गेल्या!"

"जाऊ दे की. घाट अजून लांब हाय."

सरळ रस्त्याला मी मोटारीला मोकळं सोडलं. तिला इतकं मोकळं कुणी कधी सोडलंच नव्हतं. दोन्ही बाजूंचा ऊस मागं पळायला लागला, अनुजा ओरडत होती, मी पण ओरडत होते. ऊसगाडीमागं अडकलेली पिकअप दिसली, पुढचा रस्ता मोकळा दिसला आणि मी पुढं काढली! पुढं काढताना बाळाबाईकडं बघितलं नाही, तेवढा रुबाब ठेवला. असा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

घाटाच्या चढाला मोटार तापली. थांबून पाणी घालावं लागलं. मी बॉनेट उघडून उभी, तेवढ्यात बाळाबाई शेजारून गेली. काच खाली. "पाणी पाजा म्हातारीला!" म्हणाली. मोटारीला म्हणाली का मला, ते अजून मी विचारलेलं नाही.

मी निघाले ते दात खाऊनच. दोन वळणं गेली आणि पुढं पिकअप उभी. मला वाटलं, थांबून हिणवायचा विचार दिसतोय. मग दिसलं, रस्ताभर ऊस पसरलेला आणि बाळाबाई गुडघाभर उसात उभी राहून दोन्ही हातांनी मोळ्या फेकत होती.

उसानं भरलेल्या ट्रॅक्टरची मागची ट्रॉली उलटली होती. वर बसलेली तोडकरी बाई खाली आली होती आणि ट्रॉलीची कड तिच्या पायावर होती. खाली उसाचा थर होता म्हणून पाय जाग्यावर राहिला होता. तिचं नाव गोदावरी सानप, बीड जिल्ह्यातली. तिचा नवरा आणि टोळीतली माणसं ट्रॉली हातानं उचलायला बघत होती. ट्रॉली हलायची आणि बाई किंचाळायची.

बाळाबाई ओरडली, "हात लावू नका कुणी! आदी साखळी बांधा!"

तिच्या हौद्यात जाड साखळी असते. ती ट्रॉलीच्या सांगाड्याला अडकवली. बाळाबाईनं आत बसून कसलासा खटका फिरवला, म्हणजे चारही चाकं एकदम ओढतात. अनुजा रस्त्यावर पालथी पडून खाली बघत होती आणि हातानं खुणावत होती. "काकीआजी, हळू! अजून! थांबा! अजून!"

आणि मी पिकअप काय चीज आहे ते त्या दिवशी बघितलं. ती गुरगुरली नाही, घसरली नाही. बसलेली म्हैस उठावी तशी सावकाश, पण थांबायची नाही अशी मागं सरली. ट्रॉलीची कड वीतभर उचलली गेली. माणसांनी गोदावरीला ओढून काढलं. माझ्या तोंडून मोठ्यांदा गेलं, "शाब्बास, बाळाबाई!" वाटणीनंतर तिचं नाव मी पहिल्यांदा घेतलं.

पण मांडी मोडली होती. ॲम्ब्युलन्स निघाली होती, पण लांब होती. उसाची दोन कांडी दोन्ही बाजूंना लावून माझ्या शालीनं पाय बांधला. पिकअपच्या आतलं सीट उंच आणि आखूड, पाय सरळ राहीना. हौद्यात ठेवलं, तर माल नसला की पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे दगडासारखे. चार हात गाडी सरकली आणि बाईचा आवाज माझ्या काळजातून गेला. बाळाबाईनं ब्रेक लावला, खाली उतरली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "आक्का, मोटार आणा."

मी मोटार उलटी वळवली. मागचं दार उघडलं. अनुजानं डिकीतला टॉवेल काढला आणि विचारलं, "आजी, सीटवर टाकू?"

मी म्हटलं, "कशाला? माणूस हाय ती."

त्या सीटवर गोदावरीला सरळ झोपवलं, उसाच्या पाचोळ्यासकट, मातीसकट, रक्तासकट. उशाला तिचा नवरा बसला, मी निघाले. पुढं बाळाबाई, पिकअपचे दिवे लुकलुकत, एक हात खिडकीबाहेर काढून सगळ्यांना बाजूला सारत. कोडोलीच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि कोल्हापूरला न्यायला सांगितलं. वाठारला हायवेला लागलो तोवर मोटारीचा काटा तांबड्या रेघेला टेकला होता. थांबले असते तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. आणि मला आकारामांचा आवाज आल्यासारखं झालं: इंजिन तापलं तर आतला हीटर लाव, उष्णता आत येईल, इंजिन वाचेल. मी हीटर लावला. आत भट्टी झाली. आम्ही सगळे घामानं निथळत होतो, पण काटा एक रेघ खाली आला आणि मी मोटार थांबवली नाही.

मागून गोदावरी पुटपुटली, "माय, ही गाडी हाय का पाळणा?"

मी म्हटलं, "मोटार हाय. आमच्या सासऱ्यांची. तू झोप."

दवाखान्याच्या पायरीशी थांबलो, गोदावरीला आत नेलं आणि मोटारीतनं वाफेचा ढग निघाला. बाळाबाई माझ्याजवळ आली, बॉनेटवर हात ठेवायला गेली आणि भाजून मागं घेतला. "चढली असती का वो घाट?" तिनं विचारलं.

"चढली असती. धापा टाकत, पण चढली असती."

"व्हय," ती म्हणाली. "मलाबी तसंच वाटतंय."

दोघी तिथंच पायरीवर बसलो आणि मग आम्हाला हसू आवरेना. रडू पण आवरेना. लोक बघत होते.

गोदावरीच्या पायात सळई घातली. टोळी पुढच्या फडावर गेली, नवऱ्यालाही जावं लागलं. मी तिला घरी आणलं. पण माझ्याकडं खुर्चीसारखा बसायचा संडास नाही, तो बाळाबाईकडं. खाट फिरवून रस्त्यानं न्यायची म्हणजे हाल. दुसऱ्या दिवशी मी न्याहारी करत होते, परड्यात धडाम झालं. भिंतीला भगदाड आणि त्यातनं पिकअपचं नाक आत. मागं बाळाबाई, शांतपणे म्हणाली, "वाट केली."

कलम पाच. पिकअप.

पिकअप माझी नाही, म्हणून ती मला कुणाला देता येत नाही. तरी तिच्याविषयी लिहिणं भाग आहे.

गोदावरी काठी घेऊन चालायला लागली तसं तिनं आपल्या मुलीच्या, शिवानीच्या, लग्नाचं आमंत्रण दिलं. मी आधी मुलीचं वय विचारलं, मग आहेराचं बोलले. शिवानी एकवीस वर्षांची आहे, नर्सिंगचा कोर्स पुरा केलाय, नवरा मुलगा तिनंच पसंत केलाय. मग ठीक. अक्षयतृतीयेला त्यांच्या गावी लग्न. गोदावरी लाजत म्हणाली, "लेकीला तुमच्या मोटारीत बसवून वरात काढली तर..."

"तर म्हंजे?" बाळाबाई म्हणाली. "आम्ही आणतोय की मोटार!"

तेव्हापासून दोन्ही घरांत दुसरा विषय नाही. बीडपर्यंतचा रस्ता, एप्रिलचं ऊन आणि सदुसष्ट वर्षांची मोटार. बाळाबाई पिकअप घेऊन सोबत: हौद्यात पाण्याची पिंपं, स्टेपन्या, साखळी, लग्नाची पातेली आणि गुळाच्या ढेपा. आणि एक गोष्ट आम्ही दोघींनी ठरवली. नेहमी आपापली गाडी चालवायची तर त्यात मजा काय? महिनाभर आम्ही एकमेकींच्या गाड्या शिकतोय.

पिकअपमध्ये मी पहिल्यांदा बसले ती शिडी चढल्यासारखी चढून. स्टेअरिंग एका बोटानं फिरतं. आतून एक बाई इंग्रजीत बोलली, मी दचकून "कोण हाय?" म्हटलं. मागं न्यायची तर टीव्हीत आपलीच शेपूट दिसते. खड्डा आला तर तो आधी कळतो, गेल्यावर कळत नाही. खरं सांगते, मला तिचा इतका राग होता आणि पहिल्याच फेरीत मी तिला "अगं माझी शहाणी" म्हटलं. एक उणं आहे: रस्ता हाताला लागत नाही. मोटारीत प्रत्येक खडा तळहाताला सांगून जातो.

बाळाबाई पहिल्यांदा मोटारीत बसली. घड्याळाला हात लावला, लाकडाला लावला. मग म्हणाली, "आक्का, इतकी वर्सं म्या हिला बाहेरनंच पुसली." क्लच तिनं पहिल्याच वेळी अगदी अलगद सोडला. मला पंधरा दिवस लागले होते. मला जरा राग आला.

मधल्या रविवारी विश्वजित पुण्याहून एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. त्यांचं मोठं हॉटेल आहे. दर्शनी दिवाणखान्यात काचेच्या मागं मोटार ठेवायची म्हणाले. गृहस्थ सभ्य होते. मागच्या सीटवरचा डाग बघून म्हणाले, "हे चामडं पूर्ण बदलावं लागेल."

मी म्हटलं, "पावणं, चहा घ्या आणि चला. मोटार विकायची न्हाय."

विश्वजित रागावला नाही, घाबरला. "आई, तुम्ही दोघी एवढ्या लांब जाणार? वाटेत काही झालं तर?"

"झालं तर होऊ दे की. घरी बसून होत न्हाय व्हय?"

"मग निदान मृत्युपत्र तरी कर!" तो चिडून बोलला. त्याला काय माहीत मी खरंच करीन. परवा तो पुन्हा आला, पुण्याच्या जुन्या बाजारात शोधून या मोटारीच्या मापाचा रेडिएटरचा पाइप घेऊन. त्यानं स्वतः तो बसवला. बापासारखी जीभ दातात धरून बसवला. त्याच्याविषयी माझ्या मनात आता काही किंतु नाही.

तर कलम चारमधल्या मोटारीची व्यवस्था अशी: ती बाळाबाईला. सीटवरचा डाग धुवायचा नाही, चामडं बदलायचं नाही. मोटार कुणीही लग्नाला मागितली तर द्यावी, मुलगी कुणाची आहे हे विचारू नये. वय मात्र विचारावं. तिच्यात नवरी बसेल. सासरे बसणार नाहीत.

बाळाबाईनंही काल तिचं मृत्युपत्र केलं. पिकअप मला. संयोगितानं डोकं धरलं. "आत्या, दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्याच नावावर गाड्या करताय. दोघी एकदम गेला तर?"

त्यासाठी पुढचं कलम.

कलम सहा. दोघी एकदम गेलो तर.

दोन्ही गाड्या अनुजाला. तिनं त्या दोन्ही चालवाव्यात. नुसती किल्ली भिंतीला टांगून ठेवायची असेल तर घेऊ नये.

मी एकटी गेले तर मला पिकअपमधून न्यावं, पाटे नरम पडावेत म्हणून हौद्यात पोती भरावीत. रडणाऱ्यांनी मागून मोटारीत बसून यावं. घाई करू नये, मोटार तापते.

कलम सात. राग आणि रुसवे.

सासऱ्यांवरचा राग मी कुणाला देत नाही, तो इथंच संपला. चुलत दीर पृथ्वीराज यांनी स्टँडवर शंभर माणसांत "बायकांच्या हातात मोटार म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यांनी इन्शुरन्स काढावा" असं म्हटलं होतं. त्यांना सासऱ्यांच्या ड्रायव्हरची टोपी द्यावी. तिच्यावर अजून पितळी बिल्ला आहे. त्यांना लायसन नाही, टोपी तरी असू दे.

डेअरीतल्या ज्यांनी बाळाबाईच्या दुधाला फॅट कमी लावलं, त्यांचा हिशोब ती स्वतः बघते आहे. मी मध्ये पडत नाही.

बाळाबाईवरचा राग मला आता सापडत नाही. सापडला तर तिलाच द्यावा, जपून ठेवील.

कलम आठ.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट संयोगिता मगदूम, मंगळवार पेठ, कोल्हापूर, यांनी करावी. तिला मी काही दिलं नाही कारण तिनं घ्यायला नकार दिला. तरी परत येताना बीडकडची सीताफळं मिळाली तर आणीन. एप्रिलात मिळत नाहीत असं ती म्हणते. बघू.

वरचा सगळा मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी हसले आणि तसाच ठेवला. साक्षीदारांनी माझ्यासमोर आणि मी त्यांच्यासमोर सही केली.

ठिकाण: कोडोली, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर
दिनांक: २८ एप्रिल २०२५

सही: आक्काताई आकाराम चौगुले

साक्षीदार एक: जोतीराम दत्तू खाडे, निवृत्त शिक्षक, रा. कोडोली. (सही)

साक्षीदार दोन: डॉ. आदर्श शिवाजी कांबळे, एम.बी.बी.एस., रा. कोडोली. (सही)

वैद्यकीय दाखला, डॉ. कांबळे यांचा: मी आज श्रीमती आक्काताई चौगुले यांना तपासलं. त्या पूर्ण शुद्धीवर असून त्यांना आपण काय करतो आहोत याची उत्तम जाणीव आहे. रक्तदाब वयाच्या मानानं चांगला. नाडी जलद आढळली. कारण विचारता त्यांनी "उद्या लग्नाला जायचंय की!" असं सांगितलं. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा तपासलं, नाडी आणखी जलद आढळली. औषधाची गरज नाही. प्रवासाला हरकत नाही.